बाकाला आणि तिसऱ्या

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही. आईजवळ तर नाहीच नाही — ती अजून आहे, ऐंशी उलटली, मुलुंडला माझ्याकडेच असते, आणि तिला कळलं तर ती आरडाओरडा करणार नाही, फक्त माझ्या हातचं जेवणं सोडेल. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगतेय. यात धाडस वगैरे काही नाही, हे आधीच सांगून ठेवते — घरच्यांसमोर ज्याची जीभ उचलत नाही तो परक्यासमोर भडाभडा बोलतो, त्यातलाच हा प्रकार.

मी स्वयंपाकी आहे. इटालियन जेवण करते. अंधेरी पश्चिमेला, चार बंगल्याच्या मागच्या गल्लीत आमचं अकरा टेबलांचं हॉटेल आहे आणि बोरिवलीला दुसरं. दोन्हीकडे दारावरच्या पाटीवर, खाली बारीक अक्षरांत, माझं नाव आहे. भांडुपच्या चाळीत वाढलेली मालवणी मुलगी, वडील गिरणीत, गिरणी गेल्यावर वॉचमन — आणि ती इटलीचं सणासुदीचं जेवण रांधते, म्हणून लोकांना माझं कौतुक फार. दर नाताळाला कुणीतरी कॅमेरा घेऊन येतं. मी हसते, पास्त्याचं पीठ मळते, आणि सांगते की माझ्या स्वयंपाकाचा पाया म्हणजे प्रामाणिकपणा. असं खरंच म्हणते हो मी. तोंड वर करून म्हणते.

कुठून सुरू करू? माशापासूनच करते, म्हणजे मला लपायला जागा उरणार नाही.

बाकाला नावाचा एक मासा असतो. मूळ मासा कॉड, थंड समुद्रातला. तो मिठात दाबून सुकवला की इटलीत त्याला बाकाला म्हणतात. फळीसारखा कडक, पांढराफटक, वर मिठाची खर. तो मला कळला जहाजावर. हॉटेल मॅनेजमेंट झाल्यावर तीन वर्षं मी एका प्रवासी जहाजावर नोकरी केली. तिथे साल्वातोरे नावाचा एक म्हातारा कूक माझ्या हाताखाली होता — नाही, खोटं बोलले. मीच त्याच्या हाताखाली होते. बघा, सवय कशी असते ती.

साल्वातोरे नेपल्सच्या बाजूचा. डिसेंबर लागला की त्याला घर आठवायचं, आणि मग तो कांदा चिरता चिरता बोलत सुटायचा. नाताळच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे उपास. म्हणजे मटण-चिकन बंद, आणि मटण बंद म्हणून मासे! सापासारखी वाम जिवंत आणून न्हाणीच्या टबात सोडायची आणि पोरांनी तिला घाबरायचं. तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, स्पगेटी. जेवणानंतर पिठाच्या बारीक गोळ्या तळून, मधात घोळवून, त्यांचं कडं रचायचं. आणि बाकाला. त्याची आई तीन दिवस आधी बाकाला टबात भिजत घालून गॅलरीत ठेवायची, सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी बदलायची. काही तुकडे पिठात बुडवून तळायचे. बाकीचा उकडून, हाताने सोडवून, लिंबू, काळी ऑलिव्हं, लसूण, तेल घालून त्याची कोशिंबीर करायची. थंड खायची. मी विचारलं, सातच मासे करतात ना? तर तो चिडला. सात-बीत कोणी मोजत नाही म्हणाला, अमेरिकेला गेलेल्यांनी घातलेली ती टूम, आम्ही बाजारात जे मिळेल ते करतो.

सुट्टीवर घरी आल्यावर हे मी आईला सांगितलं. उपासाला मासे, हे ऐकून ती म्हणाली, "असो उपास आसा तर माका आदी कित्याक नाय सांगलंस?" आणि बाकालाचं वर्णन ऐकल्यावर तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. आमच्याकडे सुके बोंबील, सुका बांगडा, गोलमा बारा महिने डब्यात असायचा. आयत्या वेळी काढायचा, ओट्यावर वाडग्यात भिजवायचा, तासाभरात कालवण. फ्रीज आमच्याकडे मी कमवायला लागल्यावर आला. सुक्या म्हावऱ्याक काय होणा नाय, हे वाक्य मी आईच्या दुधाबरोबर प्यायले आहे.

पण ते वाक्य तासाभराच्या भिजण्यापुरतं खरं आहे. तीन दिवस पाण्यात राहिलेल्या माशाचं मीठ निघून गेलेलं असतं, आणि मीठ गेलं की तो सुका राहत नाही, साधा ओला मासा होतो. नेपल्सच्या डिसेंबरात गॅलरी हाच फ्रीज. अंधेरीच्या डिसेंबरात गॅलरी म्हणजे गॅलरी. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. शिकलेली बाई आहे मी. जहाजावर आम्ही तो कोल्डरूममध्येच भिजवायचो.

आता द्वारकामावशी.

मावशी खारदांड्याच्या. रोज सकाळी साडेनऊला आमच्या हॉटेलच्या मागच्या दाराशी त्यांची मासळीची पाटी उतरायची. त्या वेळी पन्नाशीच्या असतील. काळ्या, किडकिडीत, आवाज असा की पुढच्या गल्लीतला वॉचमन जागा व्हावा. नवरा लवकर गेलेला. त्यांच्या मासळीवर घर चालायचं आणि अंधेरी-वर्सोव्याकडची पाच-सहा हॉटेलं त्यांच्याकडून माल घ्यायची. माझ्याशी त्यांचा पाच वर्षांचा व्यवहार, पण व्यवहार म्हणणं चूकच. त्यांनी मला शिकवलं. कॉलेजात शिकवतात तशा मी तिसऱ्या निवडायचे — उघड्या दिसल्या की टाकून द्यायच्या. मावशींनी दाखवलं की उघडी असली म्हणून मेली नसते. बोटाने टकटक केली की जिवंत असेल ती तोंड मिटते. आणि मिटलेल्या असतात त्यातल्या दोन घेऊन एकमेकींवर आपटायच्या. भरीव वाजली तर ठेवायची, पोकळ वाजली तर आत चिखल. अशी एकेक करून शंभर-दोनशे तिसरी त्या माझ्याबरोबर बसून तपासायच्या, आणि तोंडाने माझ्या बाकालाची चेष्टा चालू. "तुझा तो इटलीवाला मेला कवा गो बाय? वर्साखाली? आन आमच्याकडनं तुला जितंच पायजे." मी हसायचे. खरंच हसू यायचं.

सांगायचं लांबवतेय का मी? लांबवतेय.

त्या वर्षी रोहनने ठरवलं, नाताळच्या आदल्या संध्याकाळी सात माशांचं जेवण करायचं. रोहन म्हणजे हॉटेलचा मालक, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, माणूस वाईट नाही. साल्वातोरेचं म्हणणं मी त्याला सांगितलं, पण सात हा आकडा मेन्यूवर झकास दिसतो म्हणाला. चाळीस पानं, एकच पंगत, महिनाभर आधी सगळी जागा भरलेली. आणि त्याने मला बोलावून सांगितलं की हे जमलं तर बोरिवलीचं हॉटेल आपण काढू, आणि त्यात तू नोकर नसशील. भागीदार.

तुम्हाला त्या शब्दाची चव कशी सांगू? माझ्या वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्याचं दार राखलं. मी तो शब्द मनातल्या मनात घोळवत फिरत होते आठवडाभर.

मावशींना मी ऑर्डर दिली. वाम, माकुल, कोळंबी, मांदेली, सुरमई आणि तिसऱ्या. तिसऱ्या इतक्या हव्या होत्या की एकटीच्याने पुऱ्या व्हायच्या नाहीत, निम्म्या जावेकडनं घेते, असं मावशी म्हणाल्या. जाऊ म्हणजे नर्मदाबाई. दोघी एकाच घरात सून म्हणून आलेल्या, दोघी मासळी विकणाऱ्या, शेजारी शेजारी चुली. मी म्हटलं घ्या की.

बाकालाची खोकी परदेशातनं आली, त्यावर शिक्के, चिकटपट्ट्या, कागदपत्रं. मी तो एकवीस तारखेला भिजत घातला — फ्रीजमध्ये. बावीसला पाणी बदललं. तेवीसला सकाळी बदललं. सगळं नीट चाललं होतं. मग दुपारी रोहनचा फोन, गोडात ते मधाचे गोळे लोकांना कळणार नाहीत, तिरामिसू पण ठेव. नेपल्सच्या नाताळात तिरामिसूचं काय काम? पण चाळीस वाट्या तिरामिसू म्हणजे फ्रीजचे तीन खण.

मी बाकालाचे टब बाहेर काढले. रोहनने काढायला सांगितले नव्हते, कुणीच सांगितले नव्हते. मी माझ्या हातांनी काढले. दुपारचे तीन वाजले होते. सिंकच्या खाली फरशी गार असते म्हणून तिथे सरकवले, वर बर्फाची एक लादी ठेवली, झाकण लावलं आणि कामाला लागले. त्या घटकेला माझ्या डोक्यात काय होतं ते मला लख्ख आठवतं. शिक्षण नव्हतं, जहाज नव्हतं. आईचं वाक्य होतं. सुक्याला काय होतंय?

चोवीसला सकाळी दहाला झाकण उघडलं. बर्फाचा पत्ता नाही. पाणी कोमट आणि गढूळ. आणि वास.

मी मालवणी आहे. मला वास शिकवायला नको. सुक्या मासळीचा एक वास असतो, तो आम्हाला वास वाटतही नाही; आणि हा तो नव्हता. पहिल्या श्वासाला कळलं मला. दुसरा श्वास मी घेतला तो स्वतःला समजावायला — सुकी मासळी म्हटल्यावर वास यायचाच. तिसऱ्या श्वासाला मी लिंबं कापायला घेतली होती.

एक पदार्थ कमी केला असता तर? सहाच मासे दिले असते तर कोण विचारणार होतं? पण मेन्यू छापलेला, त्यावर सात, आणि बाकाला म्हणजे त्यातला राजा. मी तो लिंबाच्या पाण्याने, व्हिनेगरने चार वेळा धुतला. निम्मा तळला. निम्मा उकडून, हाताने सोडवून कोशिंबीर केली. भरपूर लसूण घातला. चव घेतली का? नाही. स्वतःच्या स्वयंपाकाची चव घेतल्याशिवाय पान वाढलं असं माझ्या आयुष्यात त्या एकाच दिवशी घडलं, आणि तेवढं एक पुरेसं आहे मी काय जाणून होते ते सांगायला.

त्याच सकाळी मावशी आल्या, जरा उशिरा. मी आणि त्या तासभर तिसऱ्या तपासत बसलो, एकूण एक. मेलेल्या पाच निघाल्या, त्या मावशींनी स्वतः गटारात फेकल्या. हे मी का सांगतेय तुम्हाला समजलंच असेल.

जेवण झकास झालं. लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. रोहनने सगळ्यांसमोर माझा हात धरून वर केला.

नाताळच्या दिवशी सकाळी सात वाजता त्याचा फोन आला, वाट लागली म्हणाला. चौदा जण आजारी. उलट्या, जुलाब; बहुतेक घरीच सावरले, पण पार्ल्याचे एक म्हातारे गृहस्थ, पंच्याहत्तरीचे, त्यांना दवाखान्यात नेऊन सलाइन लावावं लागलं होतं. मी रिक्षा केली आणि त्याच्या आधी हॉटेलवर पोचले. काय करायला? टब धुवायला. उरलेली कोशिंबीर पिशवीत बांधून कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकून आले, टब साबणाने घासले, उन्हात पालथे घातले. मग ऑर्डरच्या चिठ्ठ्या काढून बसले. चार नंबरच्या टेबलवर एक बाई होत्या, त्यांना शिंपले चालत नव्हते, अंगावर पित्त उठायचं. चिठ्ठीवर तसं लिहिलेलं होतं आणि त्यांच्यासाठी मी साधी टोमॅटोची स्पगेटी पाठवली होती. रोहनने फोनवर पाठवलेल्या आजाऱ्यांच्या यादीत त्या बाईंचं नाव होतं. तिसरीला त्यांनी बोटही लावलं नव्हतं. कोशिंबीर मात्र दोनदा मागून घेतली होती.

ती चिठ्ठी मी फाडली. बारीक तुकडे करून सिंकमध्ये सोडले आणि वरून पाणी सोडलं. गोंधळात चुकून तोंडातून काहीतरी निघून गेलं, असं मला पुढे कधी म्हणता येऊ नये म्हणून हे सांगते. तोंड उघडायच्या आधी माझे हात कामाला लागले होते.

रोहन आला. केस विस्कटलेले, बिचारा घाबरला होता. त्याने एवढंच विचारलं, "शेफ, खरं सांग, लोकल काय काय होतं आपल्या मेन्यूत?"

लोकल. त्याने बाकालाबद्दल विचारलंच नाही. कुणीच विचारलं नाही, आजपर्यंत नाही. शिक्के मारलेल्या खोक्यातून आलेलं काही खराब असेल हे कुणाच्या मनातच येत नाही. आणि डोक्यावरच्या पाटीतून आलेलं असलं की आधी तिथेच बोट जातं. मला ते माहीत होतं. त्या बोटाला फक्त वाट दाखवायची बाकी होती.

मी म्हटलं, "तिसऱ्या."

कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी खोटं कुठे बोलले? त्याने लोकल काय विचारलं, मी सांगितलं. पण मी तेवढ्यावर थांबले नव्हते. मी पुढे म्हटलं की या वेळी मावशींनी निम्म्या दुसरीकडून आणल्या होत्या. तेही खरंच होतं, नाही का? दोन खऱ्या वाक्यांनी मी एका बाईचा गळा कापला.

रोहन म्हणाला, इतरांना सावध करायला हवं. या भागातल्या शेफ लोकांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. खारदांड्याच्या द्वारकाबाईंकडून शिंपले घेऊ नका, आमच्याकडे चौदा लोकांना बाधा झाली — असं मी लिहिलं. माझ्या अंगठ्याने. पाच मिनिटांत खाली धन्यवादाचे हात जोडलेले.

दोन दिवसांनी मावशी आल्या. पाटी नव्हती. मला वाटलं भांडतील, आणि खरं सांगू, मला हवं होतं त्यांनी भांडायला. कोळीण भांडायला लागली तर गल्ली गोळा होते. त्यांनी शिव्या घातल्या असत्या, तुझ्याबरोबर बसून एकेक वाजवून दिली गो, असं ओरडल्या असत्या, तर कदाचित मी — नाही. कदाचित वगैरे काही नाही. मी तेव्हाही गप्पच बसले असते.

पण त्या भांडल्या नाहीत. मागच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माजीच नजर चुकली असंल गो बाय. नर्मदीच्या व्हत्या त्यातली एखादी मेलेली गेली असंल." आमच्या दोघींच्या हातांखालून गेलेल्या तिसऱ्यांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता, कारण माझ्यावर होता. शेफबाई म्हणते म्हणजे असेल. मग म्हणाल्या, ज्याला जास्त तरास झाला त्याच्या घरी मला ने. मला त्याच्या पाया पडायचंय.

मी नेलं. ऐकलंत ना? मी त्यांना घेऊन गेले.

चार दिवसांनी ते म्हातारे गृहस्थ घरी आले, तेव्हा रिक्षाने आम्ही पार्ल्याला गेलो. मावशींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि नारळ घेतला होता. तिसऱ्या मजल्यावर घर. त्यांनी चपला जिन्यातच खाली काढल्या. ते गृहस्थ खुर्चीत बसलेले, पायावर शाल. मावशी वाकल्या तसे त्यांनी पाय मागे ओढले, "अहो, हे काय करताय, होतं असं कधीकधी," म्हणाले. त्यांची सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "पण बघून द्यायला हवं होतं ना. म्हातारं माणूस." मावशी म्हणाल्या, "व्हय बाय. बघायला पायजे व्हतं." पाणी आलं. मला खुर्ची दिली. मावशी आपणहून खाली फरशीवर बसल्या, आणि मी त्यांना वर बसा म्हटलं नाही. मी पाणी प्याले. कोशिंबीर केलेले तेच हात, त्याच हातात पेला.

त्यानंतरचं पटकन सांगते. सगळ्याच हॉटेलांनी मावशींचा माल बंद केला. गोष्ट खारदांड्यात पोचली; बाजारात इतर बायका म्हणायला लागल्या की हिने दांड्याचं नाव घालवलं. गिऱ्हाईक विचारायचं, त्या तुम्हीच का? वर्षभर त्यांनी रेटलं, मग पाटी सोडली. आता त्या दुसऱ्यांची कोळंबी सोलायला जातात. आणि घरात — मावशींनी नर्मदाबाईंच्या दारात उभं राहून सगळ्या आळीसमोर त्यांना विचारलं, मेलेल्या का घातल्यास? नर्मदाबाईंनी दर्याची शपथ घेतली. मावशींनी ती मानली नाही. पंचवीस वर्षं शेजारी शेजारी चुली असलेल्या दोन बाया त्या दिवसापासून बोलल्या नाहीत. हे मला मासळीबाजारात कळलं. ऐकून घेतलं आणि सुरमई बघायला लागले.

बोरिवलीचं हॉटेल निघालं. भागीदारीच्या कागदावर मी सही केली. सही छान आली. सात माशांचं जेवण आता आमच्याकडे दर वर्षी असतं, लोक वाट बघतात. बाकाला फ्रीजमध्ये भिजतो, तीनही दिवस. तिसऱ्या आम्ही बंद खोक्यातल्या, गोठवलेल्या मागवतो, आणि त्यांना काही चव नसते.

यंदा फेब्रुवारीत कळलं, नर्मदाबाई वारल्या. मी खारदांड्याला गेले. का गेले? सांगायला गेले होते, असं म्हणायला मला आवडेल. रिक्षात बसले तेव्हा तरी तसंच वाटत होतं. आता ती बाई गेली, आता तरी.

मावशी ओट्यावर बसून कोळंबी सोलत होत्या, समोर परात, शेजारी त्यांची नात. शेजारच्या दाराला कुलूप होतं. मला बघून मावशी उठायला लागल्या, मी बसा म्हटलं. त्या एकदम म्हाताऱ्या झाल्यात, आवाज बारीक झालाय. नातीला म्हणाल्या, "ही ती शेफबाई. आपल्या मालानं एवढा घोळ झाला, पर हिनं मना पोलिसात दिलं नाय. माज्यासंगती आली त्या म्हाताऱ्याकडं." नातीने माझ्यासाठी आतून चहा आणला. बशीत दोन बिस्किटं.

मग कोळंबीवरचे हात न थांबवता त्या बोलायला लागल्या. नर्मदाबाई महिनाभर अंथरुणाला होत्या. शेवटच्या दिवसांत मुलाला दोनदा पाठवलं, द्वारकीला बोलाव, म्हणून. मधे एक भिंत. मावशी गेल्या नाहीत. "शपथ घेतलेली गो तिनं दर्याची. खोटी शपथ घेतली म्हणून माजा राग व्हता. आता रोज वाटतं, खोटी व्हती का?" आणि त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तू शिकलेली हायस. तुला काय वाटतं बाय? तिच्याच व्हत्या ना गो त्या मेलेल्या?"

त्यांच्या डोळ्यांत काय मागणं होतं ते मला दिसत होतं. नाही म्हणाले असते तर आठ वर्षांचा तो अबोला त्यांच्या अंगावर कोसळला असता — असा विचार मी केला, असं तुम्हाला वाटेल. तो मी रिक्षात परत येताना केला. त्या क्षणी मी विचार केला तो एवढाच की नाही म्हटलं तर त्या पुढे विचारतील, मग कुणाच्या?

मी म्हटलं, "हो मावशी. तिच्याच असतील."

त्यांनी मान हलवली, परातीतली पुढची कोळंबी उचलली, आणि मी चहा संपवला.